सुकतीची वेळ

इंग्लंडमध्ये ईस्टरला होणाऱ्या डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर या होड्यांच्या शर्यतीची आखणी उलटी करावी लागते. आधी टेडिंग्टनला ओहोटी कधी लागते ते बघायचं. तिथून मागे येत थेम्सवरचे तास वजा करायचे, मग कालव्यावरचे. जी वेळ उरेल, त्या वेळेला शनिवारी सकाळी डिव्हायझेसच्या धक्क्यावरून होडी सोडायची.

अंतर 125 मैल, म्हणजे 201 किलोमीटर. पहिले 54 मैल केनेट अँड एव्हन कालव्यातून रेडिंगपर्यंत, पुढे थेम्स नदी, आणि टेडिंग्टनच्या लॉकनंतरचे (लॉक म्हणजे होड्या वर-खाली नेण्यासाठी पाणी अडवणारे दरवाजे) शेवटचे 17 मैल भरती-ओहोटीच्या पाण्यातून वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत. वाटेत 77 ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढून, खांद्यावर घेऊन, लॉकच्या पलीकडे पळत जाऊन पुन्हा पाण्यात टाकायची. याला पोर्टेज म्हणतात. एकट्याने वल्हवणारे आणि शाळकरी मुलं हेच अंतर चार दिवसांत, रात्री तंबूत मुक्काम करत कापतात. मोठ्यांच्या जोड्या मात्र न थांबता जातात, दिवस आणि रात्र.

टेडिंग्टनला लवकर पोहोचलात तर समोरून भरती चढत असते. उशीर झाला तर ओहोटीचा जोर संपतो आणि आयोजक पुढे सोडत नाहीत. म्हणजे 108 मैल वल्हवून आल्यावरही शर्यत तिथेच संपू शकते.

हे ऐकल्यावर मला माझे आजोबा आठवले. विजयदुर्गजवळच्या वाघोटण खाडीवर ते तारी होते, माणसं या काठावरून त्या काठावर सोडायचे. घरात घड्याळ होतं, पण होडी सुटायची ती पाण्याच्या वेळेवर. सुकती लागली की घाटावरचा माणूस कितीही घाईत असो, आजोबा वाकडी वाट धरून, वरच्या अंगाने होडी काढायचे. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. इंग्लंडमधल्या एका शर्यतीचं वेळापत्रक बघताना तो शब्द इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात आला.

मी रेडिंगला राहते, इस्पितळात औषधनिर्माता आहे. 2019 मध्ये इथल्या नदीवर कयाक शिकायला लागले. खाडीकाठी जन्म गेला तरी वल्हं हातात कधी घेतलं नव्हतं. ते काम पुरुषांचं. आजोबांच्या होडीत मी नेहमी पाटावर बसलेली. माझी जोडीदारीण आमच्याच इस्पितळात परिचारिका, वय 52, जन्माने इंग्लिश. 2020 साठी आम्ही तयारी केली, शर्यत रद्द झाली. 2021 लाही झाली नाही. त्या दोन वर्षांत आम्ही दोघींनी इस्पितळात जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की 2022 ची नोंदणी सुरू झाली तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलंसुद्धा नाही, नावं घातली.

आमची होडी के-टू, दोघींची. साडेसहा मीटर लांब, आणि इतकी अरुंद की बसल्यावर कंबर आणि काठ यांच्यात दोन बोटं राहत नाहीत. नवख्या माणसाला ती उभी धरून ठेवणंच कठीण. पहिल्या हिवाळ्यात आम्ही किती वेळा पालथ्या पडलो याची मोजदाद नाही. पुढची बसते ती पायाने सुकाणू सांभाळते आणि लय ठरवते. मागची तिच्या खांद्यांकडे बघत वल्हं अगदी त्याच क्षणी पाण्यात घालते. मी मागे. तीन वर्षांत मला तिचा चेहरा जितका ओळखीचा झाला त्याहून जास्त तिची पाठ ओळखीची झाली. ती दमली की उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली येतो, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

मार्चमध्ये सरावाची मोठी शर्यत झाली, वॉटरसाइड मालिकेतली शेवटची, डिव्हायझेस ते न्यूबरी 34 मैल. आम्हाला सात तास लागले. त्या सात तासांवरून पुढचं सगळं गणित मांडलं. जोडीदारिणीने तक्ता केला, मी वडिलांना फोन लावला. त्यांना भरतीचे आकडे सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मला थांबवलं.

"ह्यो ईस्टर कधी येता?"

मी म्हटलं, वसंतातल्या पुनवेनंतरचा पहिला रविवार.

"मगे पुनवेच्या मागसूनच येता तर गो. उधाणाचांच पाणी गावतलां तुका."

तक्त्यात जे आम्ही तासभर शोधत होतो ते त्यांनी खाटेवर बसून सांगितलं. ईस्टर नेहमी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यातच येतो, म्हणून बहुतेक वर्षी या शर्यतीला रात्री चंद्र असतो आणि टेडिंग्टनखाली उधाणाचं, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचं पाणी. त्या वर्षी तर शनिवारी, 16 एप्रिलला, चैत्र पौर्णिमाच होती. हनुमान जयंती.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिंगहून निघालो. गाडीच्या टपावर होडी, मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं. नवरा गाडी चालवत होता, मुंबईहून खास यासाठी आलेला माझा दादा मागे डब्यांची यादी तपासत होता. महामार्गाने सव्वा तास. वाटेत न्यूबरीच्या पाट्या दिसल्या, हंगरफर्डच्या दिसल्या. उद्या हीच गावं पाण्यावरून उलट्या क्रमाने येणार होती, आणि घरापर्यंतच पोहोचायला अकरा तास लागणार होते.

डिव्हायझेस हे विल्टशायरमधलं बाजारपेठेचं गाव. त्याच्या पश्चिमेला केन हिलच्या उतारावर 29 लॉक आहेत. आम्ही पूर्वेला जातो, त्यामुळे ते चुकतात. ही शर्यत 1948 पासून आहे. त्या ईस्टरला गावातल्या चार तरुण स्काउटांनी पैज घेतली होती, शंभर तासांच्या आत वेस्टमिन्स्टर गाठायचं. त्यांना 89 तास 50 मिनिटं लागली. आजचा विक्रम 15 तास 34 मिनिटांचा आहे, ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश यांचा, 1979 मधला. इतक्या वर्षांत होड्या हलक्या झाल्या, वल्ह्यांची पाती बदलली, तरी तो मोडलेला नाही. मला मात्र त्या चार मुलांबद्दल जास्त ओढ वाटते. त्यांना पुढे काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

सकाळी धक्क्यावर सामानाची तपासणी झाली. शिट्टी, उष्णता धरून ठेवणारी चांदीसारखी चादर, विजेरी, कोरडे कपडे. आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही सुटलो.

पहिले 15 मैल एकही लॉक नाही. या पट्ट्याला लाँग पाउंड म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. तीन तास एकाच बैठकीत, पाय एकाच कोनात. कालव्याचं पाणी उथळ, होडीला खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं जड. काठावर हंसांची घरटी होती, आणि एप्रिलमधला नर हंस कुणालाही जवळून जाऊ देत नाही. एक तर पंख उभारून सरळ आमच्यावर आला. जोडीदारीण हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिली, वॉर्डातल्या रुग्णाशी बोलावं तशी, आणि आम्ही पलीकडच्या काठाला घासत निघून गेलो.

वूटन रिव्हर्सला पहिलं पोर्टेज. त्यानंतर थोड्याच अंतरावर ब्रूस बोगदा, 459 मीटर लांब. आत शिरताच ऊन संपलं, विटांवरून थेंब पडत होते आणि वल्ह्यांचा आवाज दुप्पट होऊन परत येत होता. मागे वळून बघायचं नाही, नाहीतर तोल जातो. पुढचा प्रकाशाचा ठिपका मोठा होईपर्यंत मी फक्त तिची पाठ पाहिली.

बोगद्यानंतर क्रॉफ्टन. इथे एकापाठोपाठ एक नऊ लॉक आहेत. दर वेळी होडीत बसण्यात वेळ जातो, म्हणून बरेच जण होडी खांद्यावर घेऊन पळतच राहतात. आम्हीही तेच केलं. काठावर जुनं पंपघर आहे, त्यात 1812 चं बाष्पयंत्र अजून चालू स्थितीत आहे. कालव्याच्या या सर्वांत उंच भागाला पाणी पुरवण्यासाठी ते बसवलं होतं. उजव्या खांद्यावर होडी, डाव्या हातात वल्हं, अंगावरून निथळणारं पाणी. त्या पंपघरासमोर दादा उभा होता. नियमाप्रमाणे त्याला होडीला हात लावता येत नाही, पण खायला घालता येतं. तो माझ्या बाजूने पळायला लागला. "आ कर," म्हणाला. मी तोंड उघडलं, त्याने चमचाभर पेज घातली. पुन्हा "आ कर". चाळिशी उलटलेली दोन भावंडं कालव्याच्या काठाने पळतायत आणि एक दुसऱ्याला भरवतोय. आईने आम्हाला असंच भरवलं होतं, अंगणात पळता पळता.

पेजेबद्दल थोडं सांगायला हवं. इथे सगळे दुकानातली जेलची पाकिटं, केळी, डब्यातली थंड तांदळाची खीर घेतात. जेल मला सहा तासांनंतर पोटात ठरत नाही, हे सरावात कळलं होतं. म्हणून थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणच्याचा खार घालून. सोबत गूळ-शेंगदाण्याची चिक्की, तीही बारीक तुकडे करून, कारण ओल्या सुजलेल्या बोटांनी मोठा तुकडा मोडत नाही. आणि बाटलीत कोकमाचं आगळ, साखर-मीठ घालून पातळ केलेलं. जोडीदारीण तिची खीर खात होती. हंगरफर्डनंतर तिला मळमळायला लागलं. तिने माझ्या पेजेचे चार घोट घेतले आणि पुढच्या थांब्यापासून दादा दोन चमचे घेऊन उभा राहू लागला.

न्यूबरी सव्वातीनला. तक्त्यापेक्षा दहा मिनिटं मागे. पुढचा पट्टा मला आठवतो तो फक्त खांद्यासारखा. लॉक संपतच नव्हते. होडीत बसून जरा लय लागते तोच पुढचा दरवाजा दिसायचा. अल्डरमास्टनजवळ जोडीदारिणीचा उजवा खांदा खाली आला. मी काही बोलले नाही, फक्त मोठ्याने आकडे मोजायला लागले, मराठीत. एक, दोन, तीन, वीसपर्यंत. तिला वीसपर्यंत मराठी आकडे सरावातच पाठ झाले होते. अकराच्या पुढे तीही माझ्याबरोबर म्हणू लागली.

सात वाजून गेल्यावर रेडिंग. कालवा गावाच्या मधून, ओरॅकल या बाजारसंकुलाच्या पोटातून जातो. दोन्ही बाजूंना उपाहारगृहं, शनिवारची संध्याकाळ, टेबलांवर दिवे लागलेले. भाजलेल्या मांसाचा, लसणीचा वास. मी दर आठवड्याला इथे भाजी-किराणा घ्यायला येते. पुलावरून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली, कोण ते कळलं नाही. माझं घर तिथून चालत दहा मिनिटं. घरी गरम पाणी होतं, पलंग होता. शर्यत सोडणाऱ्यांपैकी बरेच जण रेडिंगला सोडतात असं क्लबातले जुने लोक सांगायचे, आणि त्यांच्यापैकी किती जणांचं घर इतकं जवळ असेल? मी मान खाली घातली आणि ब्लेक्स लॉक येईपर्यंत वर केली नाही.

ड्रेडनॉट या जागी केनेट नदी थेम्सला मिळते. तिथे आम्ही थांबलो. ओले कपडे काढून कोरडे घातले, होडीच्या पुढे-मागे चमकणाऱ्या काड्या बांधल्या. नवऱ्याने माझे हात आपल्या काखेत धरले, बोटं सरळ होईपर्यंत. तो शर्यतीबद्दल एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "तू अजून तुझ्या वेळेत आहेस."

थेम्सवर आलो आणि पाण्याची जात बदलली. रुंद, काळं, खोल. होडी मोकळी झाली. त्या वर्षी पाऊस कमी होता, नदीला ओढ नव्हती, तरी कालव्यानंतर ते पाणी रेशमासारखं वाटलं. सॉनिंगच्या लॉकजवळ, झाडांच्या वर, चंद्र आला. सुरुवातीला तांबूस, मोठा. मी जोडीदारिणीला सांगितलं की आज आमच्याकडे हनुमान जयंती आहे, समुद्र ओलांडून गेलेल्याचा जन्मदिवस. ती म्हणाली, "त्याला सांग टेडिंग्टनपर्यंत सोबत राहा." मी मनात मारुतिस्तोत्र म्हणायला घेतलं. त्याची चाल वल्ह्याच्या लयीत इतकी बसली की शिपलेकपर्यंत थांबलेच नाही.

थेम्सवर वीस लॉक. शिपलेक, मार्श, हॅम्बलडन, हर्ली, टेंपल. रात्री लॉक दिसण्याआधी ऐकू येतो, बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. तो आवाज आला की कोणत्या काठाला लागायचं हे आधीच ठाऊक असावं लागतं. चुकीच्या बाजूला गेलात तर बंधारा ओढतो. आम्ही आधी दोनदा पायी येऊन प्रत्येक उतरण्याची जागा बघून ठेवली होती, आणि हे काम कुणीही टाळू नये असं मी सांगेन. नकाशावर काठ सारखेच दिसतात. अंधारात एक काठ गवताचा असतो आणि दुसरा चार फूट उंच काँक्रीटचा.

मार्लोला अकरा वाजले. आकाश निरभ्र, त्यामुळे गारठा फार. मला हुडहुडी भरली, दात इतके वाजू लागले की पेज सांडायला लागली. दादा घाबरला. तो प्रथमच म्हणाला, "पुरे करूया का गं?" मी उत्तर द्यायच्या आत जोडीदारिणीने माझी नाडी धरली, डोळ्यांत विजेरी मारली, माझं नाव, दिवस, महिना विचारला. मग तिने स्वतःचं जाड जाकीट मला घातलं आणि दादाला म्हणाली, ती बरी आहे, तिला हलवत ठेवायला हवं. वीस वर्षं तिने हेच काम केलंय. मी तिच्यावर विश्वास ठेवला आणि होडीत बसले.

पुढचे तास मला सलग आठवत नाहीत. कुकम, बोल्टर्स, ब्रे. विंडसरला किल्ल्याची भिंत चांदण्यात दिसली. ओल्ड विंडसरनंतर काठावर मला माड दिसायला लागले. ते विलो आहेत हे मला समजत होतं, तरी झावळ्या दिसत होत्या, आणि त्यांच्यामागे एक कंदील सरकत होता. मी जोडीदारिणीला विचारलं तुला काय दिसतंय. ती म्हणाली, उजव्या हाताला पायऱ्यांवर माणसं बसली आहेत. तिथे पायऱ्याही नव्हत्या. आम्ही ठरवलं की जे दिसतंय ते एकमेकींना सांगत जायचं, म्हणजे झोप लागणार नाही.

पेंटन हुक, चर्टसी, शेपर्टन. सनबरीला चंद्र पश्चिमेला गेला होता. मोल्सीला पूर्व फटफटली. पक्षी ओरडू लागले आणि माझ्या हातापायात कुठूनतरी जीव आला. टेडिंग्टनला सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तक्त्यातल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशीर, पण मुदतीच्या आत. लॉकवरच्या स्वयंसेवकाने आमचा क्रमांक वाचला, आम्हाला आपापलं नाव विचारलं, नीट उत्तर येतंय ना ते पाहिलं आणि हाताने पुढची वाट दाखवली.

लॉकच्या पलीकडे होडी पाण्यात ठेवली आणि ती हातातून पुढे जाऊ लागली. मी अजून बसलेही नव्हते. ती ओढ मला माहीत होती. लहानपणी होडीच्या काठावरून हात बाहेर सोडून मी ती बोटांना लागलेली पाहिली आहे. सुकती चांगली भरात होती. रिचमंड, क्यू, चिझिक, बार्न्स. पूल जवळ येत होते ते आम्ही जात होतो त्याहून लवकर. हॅमरस्मिथनंतर नदी रुंद झाली, काठांवर चिखल उघडा पडत चालला होता. पटनीपासून वारा समोरून, लाटा आडव्यातिडव्या. के-टू अशा पाण्यात फार डगमगते, आणि चोवीस तासांनंतर कंबरेत ती सावरण्याची ताकद नसते. आम्ही वल्ही आखूड आणि जलद मारू लागलो, काठाला धरून. बॅटरसी, चेल्सी, व्हॉक्सहॉल, लँबेथ. वळणावर घड्याळाचा मनोरा दिसला तेव्हा जोडीदारीण रडत होती. मागून मला फक्त तिची पाठ हलताना दिसली.

वेस्टमिन्स्टर पुलाखालून गेलो. साडेआठवर दोन मिनिटं झाली होती. एकूण 24 तास 27 मिनिटं. पायऱ्यांपाशी स्वयंसेवकांनी होडी धरली, दोघांनी मला काखेत हात घालून उचललं, कारण पाय सरळ होत नव्हते. पायऱ्या चढताना नवरा एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. वर जाऊन मी कठड्याला टेकून बसले, अंगावर चांदीची चादर, आणि दादाने वडिलांना फोन लावून माझ्या कानाला धरला. तिकडे दुपार होती.

"पोचलंस मा?" त्यांनी विचारलं.

"पोचलंय, बाबा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाणी किती उतारलां थंय?"

मी खाली वाकून पाहिलं. भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ माझ्या पायांजवळ होती आणि नदी फार खाली गेली होती. लंडनला उधाणाचं पाणी सहा मीटरच्या वर चढतं-उतरतं. आमच्या खाडीत त्याच्या निम्मंही नाही. मी ओल्या पायऱ्या मोजल्या, एकदा चुकले म्हणून परत मोजल्या आणि त्यांना सांगितलं, "चौदा पायऱ्यो, बाबा. अजून उतारताहा."